नदीत गेलेला शर्ट

मागच्या दारावर टकटक झाली तशी मास्तरांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. मांडीवरून, पायांवरून, खुर्चीच्या मागे पार भिंतीपर्यंत निळं कापड पसरलं होतं. ते चुरगळू नये म्हणून पाय उचलून उचलून, गुडघाभर पाण्यातून चालावं तसे ते दारापर्यंत गेले.

दारात पोस्टातल्या वहिनी उभ्या होत्या. खिडकी बंद करून थेट इकडेच आलेल्या. बोटांना शिक्क्याची शाई तशीच होती.

"मास्तर, शर्ट झाला का?"

"कोणता हो, वहिनी?"

"यांचा. माझ्या मापाचा करायला दिला होता, तो."

"हां, तो. तो काय, आहेच."

असं म्हणून मास्तर फळीकडे वळले. गिऱ्हाइकांचे कपडे फळीवर आणि नदीचं कापड जमिनीवर, अशी सध्या दुकानाची व्यवस्था होती. फळीवर दोन पँटी, एक कोट आणि शाळेचे चार गणवेश होते. शर्ट नव्हता. त्यांनी कोट उचलून पाहिला, पँटी झटकल्या, आणि काहीतरी आठवल्यासारखं करत मशीनकडे नजर टाकली. सुईच्या पलीकडे, नुकतीच टीप बसलेल्या आकाशी तुकड्यावर, करंगळीच्या नखाएवढा पिवळा ठिपका होता. तेलरंगाचा. समोरच्या बेकरीच्या पाटीवर जो पिवळा आहे, तोच.

मास्तरांनी नजर चटकन मागे घेतली.

"काज-बटणं राहिलीत," ते फळीकडेच तोंड करून म्हणाले. "रविवारचं हे सगळं एकदा पार पडू द्या. सोमवारी देतो."

"सावकाश होऊ द्या. दीड वर्ष कपाटातच होता," वहिनी म्हणाल्या. जमिनीवरच्या निळ्या पसाऱ्याकडे त्यांनी क्षणभर पाहिलं, पण काही विचारलं नाही. आल्या तशा मागच्या गल्लीने निघून गेल्या.

वहिनींचा नवरा, पेंटर, गेल्यापासून त्या मधल्या रस्त्यावर आल्याच नव्हत्या. त्या रस्त्यावरची एकूण एक पाटी पेंटरच्या हातची होती. बेकरीची, किल्लीवाल्याची, केस कापायच्या दुकानाची, आणि जी दुकानं बंद पडून शटर गंजलं होतं त्यांच्याही डोक्यावर त्याचीच वळणदार अक्षरं. नवऱ्याचा हात असा दोन्ही बाजूंनी टांगलेला असताना त्याच्याखालून पिशवी घेऊन घरी जाणं त्या बाईला जमत नव्हतं. म्हणून पोस्टापासून घरापर्यंत त्या मागच्या गल्लीने जायच्या, कचऱ्याचे डबे आणि पेंगणारी मांजरं यांच्यामधून, दुप्पट अंतर. नवऱ्याचे बाकी सगळे कपडे त्यांनी देऊन टाकले होते. एकच ठेवला होता, कामावरचा आकाशी शर्ट, रंगाच्या ठिपक्यांसकट. तो आपल्याला अंगात घालता यावा म्हणून त्यांनी नवऱ्याच्या जिवलग दोस्ताकडे, मास्तरांकडे, दिला, आणि दोस्तानं त्याचे पाच तुकडे करून नदीत शिवून टाकले.

ही चूक कशी झाली ते नीट सांगायला हवं, कारण मास्तर काही वेंधळ्यातले नव्हते. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाचं कापड वाया घालवलं नव्हतं. पण यंदा गोष्टच वेगळी होती.

पुलापलीकडे मोठा बाजार झाला तेव्हापासून मधला रस्ता ओस पडला होता. गाड्या भरधाव जायच्या, थांबत कुणी नव्हतं. तेव्हा निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाईंनी डोक्यात घेतलं की वर्षातून एक दिवस हा रस्ता गाड्यांना बंद करायचा आणि माणसांना उघडा. बाई एकदा डोक्यात घेत, की मग बाकीच्यांनी मुकाट्यानं वही काढायची, हे शाळेत जाऊन आलेल्या सगळ्यांना माहीत होतं. या रस्त्याच्या खालून, पाइपातून, एक ओढा वाहतो. फार पूर्वी तो वर होता. बाईंचं म्हणणं असं, की एक दिवस तो पुन्हा वर आणू, कापडाचा. ज्याच्या घरी जे निळं जुनं असेल ते त्यानं द्यायचं, आणि चौकापासून उतारानं पुलापर्यंत नदी अंथरायची. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत, हात द्यायचे.

हात आले. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, फाटक्या छत्रीचं कापड, कुणाचं तरी बाळपणाचं दुपटं, सगळं मास्तरांच्या दुकानात येऊन पडलं. आणि त्यासोबत कापडाला कात्री लावायला, घड्या घालायला, दोरे ओवायला माणसं आली. त्यांत दातांचे डॉक्टर होते. दवाखाना मुलीकडे सोपवून मोकळे झालेले, आणि मोकळं राहणं ज्यांच्या जिवावर येतं अशांपैकी एक.

मास्तरांची पद्धत अशी, की गिऱ्हाइकाचा कपडा आला की त्याच्या कडेला लाल दोऱ्याची एक गाठ मारायची. गाठ म्हणजे परक्याची वस्तू. मास्तर कपड्याकडे पाहत नसत, गाठीकडे पाहत. गाठ नाही ते नदीचं.

वहिनी गेल्यावर मास्तर पुढच्या पायरीवर आले. डॉक्टर तिथे उन्हात बसून एका अभ्र्यावरचे धागे बारीक चिमट्यानं उपटत होते.

"डॉक्टर, एका शर्टाला लाल गाठ होती का हो?"

"होती ना. बऱ्याच कपड्यांना होती," डॉक्टर अभिमानानं म्हणाले. "सगळ्या काढल्या. किती घट्ट बसल्या होत्या म्हणून सांगू. पण मुळासकट काढल्या."

मास्तरांनी डोक्याला हात लावला आणि पायरीवर त्यांच्या शेजारीच बसले. एरवी त्यांनी डॉक्टरांची चांगली हजेरी घेतली असती. पण गाठी डॉक्टरांनी काढल्या तरी कात्री कुणी चालवली? रंगाचे ठिपके डोळ्यांसमोरच होते. डोळे गाठीवर ठेवून चाळीस वर्षं काढली, आणि आता दोस्ताचा शर्ट हातात आला तरी ओळखू आला नाही. याचंच त्यांना जास्त लागलं.

शुक्रवारभर त्यांनी शोध केला. शिवून झालेल्या नदीच्या आठ गुंडाळ्या आठ घरांत ठेवल्या होत्या. त्या उलगडायच्या तर रस्ताच हवा. चिंध्यांच्या पोत्यात मात्र कॉलर सापडली. कॉलर सपाट बसत नाही म्हणून ती कापून टाकलेली. मास्तरांच्या बायकोनं ती हातात घेऊन पाहिली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"सोमवारपर्यंत काय करणार आहात? तिच्यासमोर फळ्या झटकणार?"

"रविवारी संध्याकाळी नदी गुंडाळायला घेऊ, तेव्हा तुकडे काढतो. रातोरात जोडतो. तिला कळणारही नाही."

"तिला? तुमच्या टिपा तिला कळणार नाहीत, पण तो शर्ट कळेल. धुतलाय तिनं तो."

मास्तरांनी कॉलर कागदाच्या पुडीत बांधली.

शनिवारी ते पोस्टात रांगेत उभे राहिले. पुढे दोघं होती. मागून आलेल्या आणखी दोघांनाही मास्तरांनी मोठ्या मनानं पुढे जाऊ दिलं. शेवटी मागे एकच माणूस उरला आणि तो काही पुढे जायला तयार होईना, तेव्हा त्यांना खिडकीशी जावं लागलं.

"बोला, मास्तर. तिकिटं?"

"तिकिटं नकोत." मास्तरांनी कागदाची पुडी काचेखालच्या फटीतून आत सरकवली.

वहिनींनी पुडी उलगडली. कॉलर होती. आतल्या बाजूची घामाची पिवळट रेघ तशीच होती.

"कापला, वहिनी. चुकून. पाच तुकडे झाले, आणि ते नदीत शिवले गेले. परवा मी खोटं बोललो. काज-बटणं वगैरे काही नव्हतं."

"कुणी कापला?"

"मीच." डॉक्टरांचं नाव त्यांनी घेतलं नाही.

वहिनी कॉलरीकडे पाहत राहिल्या. मागचा माणूस खाकरला.

"तीस वर्षं तुम्ही यांच्याबरोबर चहा प्यायलात," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तुम्हाला ओळखू नाही आला?"

मास्तरांना वाटलं, त्यापेक्षा हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उद्या संध्याकाळी काढून देतो," ते म्हणाले. "पुन्हा जोडतो. शिवणी दिसतील, पण शर्ट होईल. शब्द देतो, वहिनी."

वहिनींनी कॉलर खणात ठेवली आणि खण लावला.

"पुढचे या," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी दोन्ही टोकांना बाकं आडवी टाकून रस्ता बंद झाला. आठ घरांतून आठ गुंडाळ्या खांद्यांवरून आल्या आणि चौकापासून उलगडत उलगडत खाली पुलाकडे निघाल्या. जिथे एक संपे तिथे दुसरी हातानं जोडून घ्यायची. जोडायला मास्तर आणि त्यांची बायको पुढे पुढे सरकत होती. शेवटचा टाका घालून मास्तरांनी मान वर केली, तेव्हा सगळा रस्ता निळा झाला होता. आकाशी, मोरपंखी, शाईचा, धुवून धुवून पांढरट पडलेला. वारा खालून शिरला की कापड कुठेतरी फुगायचं, तो फुगवटा सावकाश उताराला लागायचा आणि पुलाशी जाऊन निवायचा. कुणी ठरवलं नव्हतं तरी माणसं हलक्या आवाजात बोलत होती.

आणि मग तो आवाज आला. गाड्या थांबल्यामुळे आला. भूगोलाच्या बाई रस्त्यातल्या एका लोखंडी झाकणाशी गुडघे टेकून बसल्या, कान लावला आणि बोटानं सगळ्यांना गप्प केलं. खालून पाणी वाहत होतं. झाकणापाशी रांग लागली. एकेक जण वाकायचा, ऐकायचा आणि चेहरा वेगळाच करून उठायचा. साठ वर्षं त्याच रस्त्यावर काढलेले एक आजोबा उठून म्हणाले,

"हे असं रोज वाहतं?"

"रोज," बाई म्हणाल्या.

"अरेच्चा," आजोबा म्हणाले आणि पुन्हा वाकले.

बंद दुकानांची शटरं वर गेली होती. विकायला आत काही नव्हतं, पण मालक आले होते. केर काढून, स्टूल टाकून दारात बसले होते. आणि एक गंमत झाली, जी बाईंच्या वहीत नव्हती. जो तो नदीत आपला तुकडा शोधू लागला. सापडला की तिथेच काठाला बैठक मारू लागला. हा आमच्या खोलीचा पडदा. ही माझ्या आईची चादर. शेजारच्या तुकड्याचा मालक येऊन बसला की ओळख व्हायची, नसली तर. एका जिन्यात राहून एकमेकांचं नाव माहीत नसलेली माणसं पडद्यापाशी आणि अभ्र्यापाशी बोलायला लागली. किल्लीवाल्याची छत्री एका नर्सबाईंच्या चादरीला लागून होती. दुपारपर्यंत दोघं एकाच डब्यातलं जेवत होती.

मास्तरांचं मात्र कशात लक्ष नव्हतं. नदी उलगडताना त्यांनी पाचही तुकडे हेरून ठेवले होते. पाठ चौकाजवळ, बाह्या मध्यावर, पुढचे दोन भाग बेकरीसमोर. अर्धं ब्लेड कागदात गुंडाळून त्यांच्या खिशात होतं, आणि संध्याकाळ कधी होते याकडे त्यांचा जीव लागला होता.

दुपारी त्यांनी पाहिलं, तर गल्लीच्या तोंडाशी वहिनी उभ्या होत्या. एक पाऊल गल्लीत, एक रस्त्यावर. मास्तर लगबगीनं गेले.

"चला, दाखवतो. पाठ इथेच आहे, वरच्या अंगाला..."

"दाखवू नका," वहिनी म्हणाल्या. "मला ओळखू येईल."

मास्तरांनी मान खाली घातली. वहिनी चौकाशी गेल्या आणि काठाकाठानं चालू लागल्या. नजर खाली कापडावर. पाट्यांकडे त्यांनी पाहिलं नाही. मान अशी धरली होती, की जणू वर पाहिलं तर तोल जाईल. मास्तर दहा पावलं मागे. पाठीच्या तुकड्याशी त्या थांबल्या, वाकल्या, दोन बोटं टेकवली आणि पुढे गेल्या. एक बाही सापडली. दुसरीशी एक लहान मूल पालथं पडून पोहण्याचा खेळ खेळत होतं. त्याचा खेळ संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या, घाई केली नाही.

बेकरीसमोर आल्या आणि खालीच बसल्या. डाव्या बाजूचा पुढचा भाग, खिशासकट, त्यांच्या समोर होता. त्यांनी खिशावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मास्तर बेकरीच्या भिंतीला टेकून उभे राहिले. जवळ जायचं धाडस झालं नाही. वहिनींच्या एका बाजूला किल्लीवाला आणि नर्सबाई, दुसऱ्या बाजूला बेकरीवाल्या आजी, आपल्या निळ्या पडद्याशी. मग आजींनी विचारलं,

"हा कुणाचा गं?"

"यांचा."

आजींनी तुकड्यावरचा पिवळा ठिपका पाहिला, मग वर आपल्या पाटीकडे पाहिलं.

"माझ्याच पाटीचा आहे की हा. आठवतंय मला. शेवटच्या अक्षराला जागाच पुरेना. मी खालून ओरडतेय, आणि हा वर शिडीवर शीळ घालतोय."

"घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत नीट," वहिनी म्हणाल्या. "सारखं तेच. आजींचं शेवटचं अक्षर अंग चोरून उभं राहिलंय म्हणाले."

आजी हसल्या. वहिनीही हसल्या, आणि हसता हसता त्यांची मान आपसूक वर गेली. पिवळी पाटी उन्हात होती. शेवटचं अक्षर खरंच अंग चोरून उभं होतं. वहिनी पाहत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही, लपवलंही नाही. नर्सबाईंनी विचारलं, ही किल्लीवाल्याची पाटीही त्यांचीच का. तर वहिनींनी सांगितलं, ती तापात रंगवलेली, म्हणून ओळ जरा चढती गेलीय. मग तिसरीचं सांगितलं. मग लोकच विचारायला लागले, आणि बंद दुकानांचे मालकही स्टूल उचलून ऐकायला जवळ आले.

ऊन उतरलं. नदी गुंडाळायची वेळ झाली आणि भूगोलाच्या बाई दोन्ही काठांवर माणसं उभी करू लागल्या. मास्तरांनी कागदातून ब्लेड काढलं आणि वहिनींपाशी जाऊन उकिडवे बसले.

"वहिनी, काढायला घेऊ?"

"माझ्या छत्रीकडून उसवा, मास्तर," किल्लीवाला म्हणाला. "तिला काय होतंय."

"पडदा माझाही फाटला तर फाटू दे," आजी म्हणाल्या.

वहिनींनी कापडाची कड उचलून खालची बाजू पाहिली. टिपा चारही बाजूंना गेल्या होत्या, छत्रीत, चादरीत, पडद्यात.

"हा काढला तर यांचं सगळ्यांचं उसवेल."

"उसवेल. पण मी ते नीट करीन."

"राहू द्या मग."

"वहिनी, मी शब्द दिलाय."

"मी परत केला म्हणा. कपाटात ठेवून तरी मी काय करणार होते. घालायचा म्हणून दिला, पण मला काही तो घालवला नसता, मास्तर. तुमच्याकडे आणून टाकला तेव्हाच कळलं होतं मला."

मास्तरांना सुटलो असं वाटावं, तर ते वाटत नव्हतं. काहीतरी करायला हवं आणि करायला काही उरलं नाही, असं वाटत होतं. ते ब्लेड पुन्हा कागदात गुंडाळू लागले.

"ते ठेवू नका," वहिनी म्हणाल्या. "एक काम आहे."

त्यांनी खिशावरचा हात बाजूला घेतला. मास्तर वाकून पाहू लागले. तुकडा बसवायच्या नादात त्यांनी तो फिरवून लावला होता. खिशाचं तोंड उताराकडे, खाली पुलाकडे झालं होतं. दिवसभर अख्खं गाव त्याच्यावरून गेलं होतं, खुद्द मास्तरांनी तीनदा पाहिलं होतं, आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"एवढा खिसा तेवढा सुलटा लावा," वहिनी म्हणाल्या. "पेन्सिल असायची त्यांची. पडून जाईल."

पलीकडून बाईंनी हाक मारली तशी आजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. मास्तर रस्त्यातच मांडी घालून बसले आणि खिशाची टीप एकेक टाका करून उसवू लागले. वहिनींनी दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं, आणि खिशाचं तोंड वर येईपर्यंत सोडलं नाही.